चालावे तर कुठे?

वाचकहो, रेणापूर पाहायचे असेल तर मार्गशीर्षातल्या अमावस्येला या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत तिला वेळा अमावस्या म्हणतात. बोलण्यात तिची ‘येळवस’ होते. त्या दिवशी लातूर शहराच्या पेठा ओस पडतात. ज्याचे स्वतःचे शेत नाही, तोही कुणा ना कुणाच्या शेतावर जेवायला जातो. सकाळी लवकर लातूर सोडून उत्तरेकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर रेणापूर लागते. हवेत गारठा असतो. दोन्ही अंगांना काळ्या रानात हरभरा फुलावर आलेला, तूर शेंगांनी वाकलेली, ज्वारी निसवलेली आणि मधूनच करडईचा काटेरी पट्टा. बांधावर बाभळी, सडकेकडेला लिंब आणि चिंचा. गावात रेणुकादेवीचे मंदिर आहे आणि गावाजवळून रेणा नदी वाहते. ती पुढे मांजरेला मिळते.

त्या दिवशी ही सडक माणसांची असते. डोक्यावर भज्जीची आणि बाजरीच्या उंड्यांची टोपली घेतलेल्या बाया, आंबिलीचे बिंदगे सांभाळत चालणारे गडी, नवे कपडे घातलेली पोरे, एखादी बैलगाडी. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केलेली असते. तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा होते आणि मग पंगत बसते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. मी या तालुक्यात सत्तावीस वर्षे दवाखाना चालवतो आहे. इतक्या वर्षांत येळवसेला मी घरी जेवल्याचे मला आठवत नाही.

गेल्या येळवसेला मी अशाच एका कुटुंबाबरोबर त्यांच्या शेताकडे चाललो होतो. आम्ही आठ-दहा जण होतो. सर्वांत पुढे घरातली सत्तरीची आज्जी. मधुमेह आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी ती माझ्याकडे येते. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्हींवर ऊस चढवलेला, बाजूंना सडकेच्या कडेपर्यंत बाहेर आलेला. ट्रॅक्टरवर गाणे इतक्या मोठ्याने लागले होते, की आमची ओरड चालकाला ऐकू जाणे शक्य नव्हते. समोरून एक रिकामा ट्रक येत होता. आम्ही सगळे नालीत उतरलो. आज्जीचा पाय मुरगळला. सुनेच्या डोक्यावरचे बिंदगे कलंडले आणि पांडवांना दाखवायच्या आधीच आंबील मातीत गेली.

मी आज्जीचा पाय पाहत होतो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दर महिन्याला चिठ्ठीवर लिहिता, रोज अर्धा तास चाला म्हणून. आता तुमीच सांगा की ओ, चालावं तर कुठं?”

चिठ्ठीवरची एक ओळ

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन, गुडघेदुखी, उदासी, झोप न लागणे या साऱ्यांवर चालण्यासारखे स्वस्त औषध दुसरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. दिवसाला अर्धा तास भरभर चाललात, आठवड्यातून पाच दिवस, की १५० मिनिटे पुरी होतात. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीनेही रक्तातली साखर चढण्याचे प्रमाण कमी होते. हे मी हजारो वेळा सांगितले असेल.

पण ते कुठे चालायचे, हे मी कधी विचारले नव्हते. शहरातल्या रुग्णाला बाग असते, मैदान असते, निदान वसाहतीतला अंतर्गत रस्ता असतो. खेड्यातल्या माणसाला घरापुढची बोळ आणि गावाला जोडणारी सडक, इतकेच असते. शेताचा बांध पावसाळ्यात चिखलाचा आणि उन्हाळ्यात ढेकळांचा. साठीच्या गुडघ्यांना तो मानवत नाही. सपाट, कोरडी, सलग अशी जागा म्हणजे सडकच. पूर्वी पहाटे तिच्यावर माणसांची रांग असे. म्हातारे काठी टेकत मारुतीपर्यंत जाऊन येत, बाया बोलत बोलत चालत, शाळेची मुले सायकलींवरून जात. लिंबांच्या सावलीतला तो दोन-तीन किलोमीटरचा पट्टा म्हणजे माझ्या रुग्णांचा विनामूल्य व्यायामाचा आखाडा होता.

त्या येळवसेनंतर मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला विचारू लागलो, “चालायला जाता का?” उत्तरे सारखीच येत. “दिवाळीपस्तोर जात होतो, आता टरालीच्या भ्यानं सोडलं.” “लेक म्हणतो, नको जाऊ, पडशील कुठंतरी.” एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “हिवाळ्यात पहाटे अंधार असतो आणि त्यांच्या मागच्या बाजूला दिवा नसतो. मी वर्गात मुलांना रस्त्याचे नियम शिकवले, आता मलाच घराबाहेर पडवत नाही.” थंडीचे चार-पाच महिने हे आमच्याकडे चालण्याचे सर्वांत चांगले दिवस. नेमक्या त्याच दिवसांत सडक हातची जाते.

उसाचा हंगाम

ही गोष्ट उसाला शिव्या देण्यासाठी मी लिहीत नाही. रेणापूर तालुक्यातल्या कित्येक घरांत मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने आणि माझी फीसुद्धा उसाच्या पैशातून निघालेली आहे. रेणा आणि मांजरा यांच्या काठचे बागायती रान आणि भोवतालचे साखर कारखाने यांनी या कोरडवाहू भागाला हातात खेळणारा पैसा दिला, हे नाकारता येत नाही. ऊस तोडला की तो शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला जावा लागतो. उशीर झाला की त्याचे वजन घटते, साखर उतरते आणि नुकसान होते. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वाहतूक दिवसरात्र चालते.

हे काम करणाऱ्या माणसाकडेही पाहायला हवे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. म्हणून जितका ऊस एका खेपेत बसेल तितका बसवायचा आणि जितक्या खेपा होतील तितक्या करायच्या. कारखान्याच्या आवारात रांगेत तासन्‌तास थांबावे लागते. तिथेच ट्रॉलीच्या सावलीत एखादी डुलकी घ्यायची आणि गाडी रिकामी झाली की पुन्हा फडाकडे निघायचे. ट्रॅक्टर कर्जाचा असतो. तोडणीला आलेल्या टोळीतील नवराबायको पहाटे चारला फडात उतरलेली असतात. त्यांना ‘एक कोयता’ म्हणून उचल दिलेली असते. हे सारे लोक माझे रुग्ण आहेत. पाठदुखी, डोळ्यांची जळजळ, पित्त आणि न झालेली झोप घेऊन ते येतात. त्यांच्यापैकी कुणीही कुणाचा जीव घ्यायला घरातून निघत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही ध्यानात घ्यावी. खेड्यातील एकेरी डांबरी सडक सहसा पावणेचार मीटर रुंद असते. ती बैलगाडी, सायकल, एसटी आणि एखाद्या जीपसाठी कल्पिलेली असते. तिच्यावर दोन ट्रॉल्यांची आगगाडी उतरली की पायी चालणाऱ्याला उभे राहायला जागाच राहत नाही. उसाच्या जोडीला मुरूम, खडी आणि वाळूचे टिप्पर असतात. त्यांना हंगामही नसतो.

रात्रीची ट्रॉली

काही वर्षांपूर्वीच्या एका थंडीत, रात्री साडेनऊच्या सुमारास, एका चोवीस वर्षांच्या तरुणाला जीपमधून माझ्या दवाखान्यात आणले. मोटारसायकलवरून घरी परतताना तो सडकेवर उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. डोक्याला शिरस्त्राण नव्हते. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशाने त्याचे डोळे दिपले असावेत. उसाच्या ट्रॉलीला मागे ना दिवा होता, ना रेडियमची पट्टी. माझ्या हाती जे होते ते मी केले. श्वासाची वाट मोकळी ठेवली, रक्तस्राव दाबून धरला, मान हलू दिली नाही आणि त्याला लातूरला पाठवले.

तो वाचला. तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. तो आज एकतीस वर्षांचा आहे. त्याची आई दर महिन्याला त्याला फिट्‌सच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे घेऊन येते. तो हसतो, माझे नाव विसरतो, शर्टची बटणे आईकडून लावून घेतो. गाडी चालवणे, विहिरीवर जाणे, एकट्याने शेतात थांबणे त्याला मना आहे. घरातली दोन माणसे कामातून गेली, तो आणि त्याला सांभाळणारी आई.

पुढच्याच आठवड्यात त्या ट्रॉलीचा चालक माझ्यासमोर बसला होता. रक्तदाब तपासायला आला होता. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “पंक्चर झालं होतं सायेब. मागं दगड लावले होते मी.” दगड लावणे ही आमच्याकडची रीत आहे. बिघडलेल्या गाडीमागे दगड रचतात. अंधारात ते दिसत नाहीत आणि गाडी दुरुस्त होऊन गेली तरी कित्येकदा ते तिथेच राहतात, पुढच्या मोटारसायकलीची वाट पाहत. दोघांपैकी कुणावर रागवावे, हे मला त्या दिवशी कळले नाही. आज मला वाटते, त्या दोघांना एकाच अरुंद सडकेवर, एकाच अंधारात सोडून देणारी व्यवस्था हे खरे दुखणे आहे.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. अशा आकड्यात माझ्या या रुग्णासारखी माणसे येत नाहीत, कारण ती जिवंत असतात.

सडकेची नाडी

आम्ही डॉक्टर नाडीवरून माणसाचे दुखणे ओळखतो. सडकेचेही तसेच असते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या खास चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला नियम आजही जगभरचे अभियंते वापरतात. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही, ते सुमारे सोळा पट होते. म्हणजे एक बेसुमार भरलेली गाडी कित्येक नेमस्त गाड्यांइतका रस्ता खाऊन जाते. डांबर फुटते, खड्डे पडतात, खड्ड्यांत मुरूम टाकतात, मुरमाची पूड होते आणि ती धूळ उडून घराघरांत शिरते.

ही धूळ साधी नसते. तिच्यात डिझेलचा धूरही मिसळलेला असतो. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. हवेतील अतिसूक्ष्म कणांची आपल्या देशातील चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ च्या आत राहायला सांगते. आमच्या सडकेवर हे मोजणारे यंत्र नाही. मी कानाला नळी लावून मोजतो. सडकेलगतच्या घरांतली दम्याची मुले हंगामात अधिक वेळा येतात आणि त्यांच्या छातीतली शीळ लवकर जात नाही.

आवाजाचे तेच. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. रात्री दोनला खिडकीखालून ट्रॅक्टर गेला, की तुम्ही जागे झाला नाहीत तरी तुमचे हृदय जागे होते. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. महिनोन्‌महिने हे घडत राहिले की औषध घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. अशा रुग्णाला गोळी वाढवून देण्याआधी मी आता विचारतो, “तुम्ही झोपता कुठे? सडकेकडच्या खोलीत का?”

पानगावच्या वाटेने

येळवसेनंतर थोड्याच दिवसांनी मी पानगावला गेलो. हेही गाव आमच्याच तालुक्यातले, लातूररोड–परळी लोहमार्गावरचे. तुम्ही आलात तर तिथले विठ्ठलाचे प्राचीन दगडी मंदिर पाहिल्याशिवाय जाऊ नका. त्याच्या भिंतींवरची शिल्पे पाहताना मान दुखून येते आणि तरी पाय निघत नाही. याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अस्थी जपलेले चैत्यस्मारक आहे. ६ डिसेंबरला तिथे अभिवादनासाठी दूरदूरचे लोक येतात. त्यांत पायी येणारे असतात, तान्ही मुले घेतलेल्या माता असतात. ६ डिसेंबर आणि येळवस, दोन्ही ऐन हंगामात येतात. वर्षातून ज्या दिवशी सडकेवर सर्वांत अधिक माणसे पायी असतात, त्याच दिवशी तिच्यावर सर्वांत अधिक ओझे असते.

त्या प्रवासात मी आणखी एक दृश्य पाहिले, आणि घरात मुले असतील तर तुम्ही ते नीट वाचावे. शाळा सुटली होती. उसाची एक ट्रॉली चढणीला हळू झाली आणि पाच-सहा मुले धावत जाऊन मागून ऊस उपसू लागली. एकाने ट्रॉलीच्या कडेवर पाय दिला होता. हा खेळ मीही लहानपणी बैलगाडीमागे खेळलो आहे. पण बैल थांबतो, ट्रॉली थांबत नाही. मागे दुसरी ट्रॉली जोडलेली असेल तर घसरलेले मूल तिच्या चाकाखाली जाते. चालकाला ते दिसत नाही आणि गाण्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

वेळ, वजन आणि वाट

मग उपाय काय? ऊस शेतातच वाळू द्यावा, असे कुणी म्हणणार नाही. रुग्णाला दगावू न देता तापाची मर्यादा सांभाळतात, तसे हे करावे लागेल. मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट वेळ. मुंबई-पुण्यात गर्दीच्या वेळी ठरावीक रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते आणि त्याने शहरांचे काम अडत नाही. मग आमच्या गावठाणातून सकाळी लोक चालायला निघतात तेव्हा, शाळा भरताना आणि सुटताना, येळवसेच्या आणि ६ डिसेंबरच्या दिवशी ती का नसावी? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये यासाठी सोय आहे. लोकांची सुरक्षितता किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून एखाद्या रस्त्यावर ठरावीक प्रकारच्या वाहनांना, ट्रॉल्यांनासुद्धा, मनाई किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे.

दुसरी गोष्ट वजन. याच कायद्याच्या कलम १९४ नुसार ठरलेल्या भाराहून अधिक माल भरला तर २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड सांगितला आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नसते. उसाचे तर एक सोपे आहे. प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर चढतेच. वजन तिथे लिहिले जातेच. ठरलेल्या भारावरच्या उसाचे वाहतूकभाडेच द्यायचे नाही असे ठरले, तर सडकेवर शिपाई उभा करावा लागणार नाही. त्याच काट्यावर मागचा दिवा आणि रेडियमची पट्टी पाहूनच गाडीला पावती द्यावी.

तिसरी गोष्ट वाट. गावाच्या पोटातून जाणारी सडक आणि मालाची सडक वेगळी असावी. जिथे वळणरस्ता शक्य आहे तिथे तो व्हावा. जिथे नाही तिथे निदान सडकेच्या एका अंगाला पायी चालणाऱ्यांसाठी मुरमाची दाबलेली वाट असावी, आणि ती करताना सावलीची झाडे तोडली जाऊ नयेत. झाड तोडून रुंद केलेल्या सडकेवर गाड्या वेगाने जातात आणि माणसे उन्हाने चालणे सोडतात.

हे सारे वाहतुकीवर पोट असलेल्यांच्या विरोधात आहे, असे कुणाला वाटेल. मी त्यांना गोव्याची आठवण देतो. तिथे सावर्डे, कुडचडे, उसगाव या भागांतून लोहखनिजाचे ट्रक वर्षानुवर्षे गावांमधून धावत राहिले आणि घरे लाल धुळीने माखली. बेकायदा खाणकामाचा प्रश्न न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. धूळ बसली, पण कर्ज काढून ट्रक घेतलेली कुटुंबे एका दिवसात बेकार झाली. मर्यादा वेळेवर पाळली नाही की एक दिवस सारेच थांबते आणि त्याचा मार सर्वांत आधी गरिबाला बसतो. आमच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मर्यादा मागण्यात सर्वांत पुढे असावे, असे मला म्हणूनच वाटते.

मी स्वतः एक अर्ज लिहिला. त्यावर पोहोच मिळाली, पुढे काही नाही. एकट्या डॉक्टरच्या अर्जाचे असेच होते. तुमच्या गावात असा प्रश्न असेल तर तो ग्रामसभेत मांडा. ठरावात रस्त्याचे नाव, वेळा आणि शाळेचे ठिकाण स्पष्ट लिहा, आणि बोलायला सर्वांत आधी एखाद्या आज्जीला उभे करा.

तोवर घरच्यांनी काय करावे

ठराव, आदेश, वळणरस्ता यांना वेळ लागेल. तोवर आपली माणसे आपणच जपायची आहेत. म्हणून एवढे पाळा.

चालताना सडकेच्या उजव्या बाजूने चाला, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. पहाटे किंवा संध्याकाळी पांढरे किंवा फिके कपडे घाला आणि हातात पेटती विजेरी ठेवा. दोघे-तिघे असाल तर एकामागे एक चाला. कानात गाणी लावू नका. धूळ फार असेल त्या वेळी दमेकऱ्यांनी बाहेर पडू नये. पडावेच लागले तर नाकातोंडावर पंचा किंवा मास्क असावा. सडक असुरक्षितच असेल तर चालणे सोडू नका, जागा बदला. शाळेचे मैदान सुटीच्या वेळी, देवळाचे आवार, घराची गच्ची. पाच मिनिटांच्या सहा फेऱ्यांनीही अर्धा तास भरतो.

मोटारसायकलवर शिरस्त्राण गावातल्या गावातही घाला. रात्री समोरून प्रकाश आला की वेग कमी करा; पुढच्या अंधारात उभी ट्रॉली असू शकते. घरचा ट्रॅक्टर असेल तर आजच मागे रेडियमची पट्टी लावा. ती अगदी थोड्या पैशांत मिळते. गाडी बिघडली तर ती सडकेखाली घ्या आणि लावलेले दगड जाताना उचला. मुलांना चालत्या ट्रॉलीमागे धावू देऊ नका. ऊस हवा असेल तर फडावर जाऊन मागा, कुणी नाही म्हणत नाही.

अपघात दिसला तर १०८ क्रमांकावर फोन करा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला बसते करू नका, पाणी पाजू नका, मान वळवू नका. पहिला तास फार मोलाचा असतो. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती मनातून काढा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात अशा माणसाला संरक्षण दिले आहे.

त्या येळवसेला आज्जीचा पाय बांधून आम्ही शेतात पोहोचलो. शेजारच्या शेतकऱ्याने आपल्या बिंदग्यातली अर्धी आंबील आणून दिली आणि पांडवांची पूजा झाली. संध्याकाळी पोरांनी हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवला. परतताना आम्ही सडकेने आलो नाही. बांधाबांधाने, ढेकळे तुडवत, आज्जीला दोन बाजूंनी धरून आलो. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागला. वरच्या सडकेवरून ट्रॉल्यांचे दिवे जात होते. ज्यांना दिवे होते त्यांचे.

आज्जी आता देवळाच्या आवारात फेऱ्या मारते. तिची साखर आटोक्यात आहे. दर महिन्याला ती मला विचारते, “अर्जाचं काय झालं?”